मानाच्या तलवारीला धार हवी का?

सोलापुरात जाहीर सत्कार म्हटला की शाल आणि श्रीफळ यांच्या जोडीला हल्ली तलवारही येते. सत्कारमूर्ती ती म्यानातून उपसून उंच धरतात, छायाचित्रे निघतात आणि तलवार दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात जाते. या तलवारीचे पाते बहुधा मुलामा दिलेल्या पातळ पत्र्याचे असते आणि मूठ धरून जरा झटका दिला तरी ते आत खुळखुळते. शोभेची वस्तू म्हणून त्याबद्दल तक्रार नाही. परंतु राजदरबारातील मानाच्या तलवारीही अशाच असत, असे जेव्हा सहज बोलले जाते, तेव्हा ते मला पटत नाही.

नागपूरकर रघुजी भोसले यांची जी तलवार महाराष्ट्र शासनाने 2025 मध्ये लंडनच्या लिलावातून विकत घेतली, तिचेच उदाहरण घेता येईल. ती फिरंग आहे, म्हणजे तिचे पाते युरोपात घडलेले, सरळ आणि एकधारी आहे. ‘मुल्हेरी’ घडणीच्या मुठीवर सोन्याची नक्षी आहे आणि पात्याच्या पाठीवर रघुजींचे नाव ‘सेनासाहेबसुभा’ या पदासह सोन्याच्या देवनागरी अक्षरांत कोरलेले आहे. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की सोने मुठीवर आणि पाठीवर चढले, धारेची बाजू मोकळी राहिली. मराठा सरदारांना फिरंगी पाती हवीशी वाटत ती त्यांच्या पोलादासाठी. मिरवायचे तेही अस्सल पातेच, असा हा हिशेब होता.

ब्रिटनच्या राज्याभिषेकातील तलवारी याहून गमतीच्या आहेत. चौथ्या जॉर्जसाठी 1820 मध्ये घडवलेली रत्नजडित तलवार रणांगणासाठी नव्हतीच, तरीही तिचे पाते पोलादाचे आहे. राजा ती वेदीवर अर्पण करतो आणि मग ठरलेला मोबदला, परंपरेने शंभर शिलिंग, देऊन ती सोडवून घेतली जाते. 2023 मध्येही हा विधी झाला. ‘कर्टाना’ या दयेच्या तलवारीचे तर टोकच बोथट ठेवलेले आहे. मात्र मिरवणुकीत तिच्यासोबत टोकदार तलवारी चालतात, म्हणून त्या बोथटपणाला अर्थ येतो. मारता येत असूनही न मारणे ही दया होय. पत्र्याच्या तलवारीला ती दाखवता येणार नाही.

म्हणून माझे मत असे, की मानाच्या तलवारीला धार लावलेली नसली तरी चालेल, पण पात्याला पाणी दिलेले असावे, मुठीत ते पक्के बसलेले असावे आणि हातात घेतल्यावर तोल जाणवावा. खंडेनवमीला आपल्याकडे यंत्रमागाची पूजा होते, ती उद्या कापड विणणाऱ्या मागाची. मागाच्या देखाव्याला कोणी फुले वाहत नाही. नवरदेवाच्या कट्यारीलाही निदान लिंबू टोचण्याइतके टोक लागतेच.

जुन्या तलवारींच्या बाबतीत मात्र हा आग्रह उलटा धरावा लागतो. घरात वंशपरंपरेने आलेली तलवार दसऱ्याच्या आधी शिकलगाराकडे देऊन चाकावर लखलखीत करून घेण्याची हौस अनेकांना असते. त्यात पोलादाचा थर जातो, कोरीव अक्षरे पुसट होतात आणि सोन्याचे काम कायमचे निघून जाते. तिला मऊ फडक्याने पुसून तेलाचा पातळ हात द्यावा. अक्कलकोटच्या राजवाड्यातील शस्त्रसंग्रह पाहायला जाणाऱ्यांनीही मुठीची नक्षी पाहून लगेच पुढे सरकू नये. डोळे पात्याच्या पातळीवर आणून त्याची पाठ आणि धार सावकाश पाहावी.