आमची वाटचाल : आंब्याच्या खोक्यापासून फरच्या पेटीपर्यंत

बेळगावातल्या उद्यमबाग आणि मच्छेच्या कारखान्यांना लागणाऱ्या लाकडी पेट्या आम्ही बनवतो. सुरुवात आंबा आणि सिल्व्हर ओकने झाली. आंबा खानापूर-चंदगडकडून येई, सिल्व्हर ओक कॉफीच्या मळ्यांतून. हुबळी-कोल्हापूरला जाणाऱ्या मालासाठी एवढे पुरे होते. परदेशी जाणाऱ्या कास्टिंगची, म्हणजे ओतीव धातूच्या भागांची, कामे आली तसे लाकूडही बदलले. वजनाला हलके, सरळ रेषेचे, एका मापात कापलेले आयात लाकूड वापरू लागलो.

वखारीत त्या सगळ्याला एकच नाव, पाइन. खरे तर त्यात पाइन, स्प्रूस, फर, हेमलॉक अशा सूचिपर्णी झाडांचे बरेच काही मिसळलेले असते, आणि खिळा मारताना व ओल मोजताना हा फरक पुढे येतो. म्हणून गाडी उतरवतानाच प्रत्येक गठ्ठ्यातली एक फळी तपासण्याची पद्धत आम्ही घातली.

तपासणीला नवे ब्लेड आणि दहापट मोठे दाखवणारे भिंग लागते. फळीच्या टोकाचा आडवा काप ब्लेडने गुळगुळीत छाटायचा. करवतीने कापलेल्या टोकावर काही दिसत नाही, तंतू फाटलेले असतात. छाटलेला भाग थोडा ओला करून भिंगाखाली राळेच्या नळ्या शोधायच्या. पाइनमध्ये त्या मोठ्या, सुट्या ठिपक्यांसारख्या, नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. स्प्रूसमध्ये बारीक आणि थोड्याच. फरमध्ये नसतातच. झाडाला जखम झाली असेल तर मात्र फरमध्येही नळ्यांची एक आडवी ओळ उमटते. तेवढ्यावरून फसू नये, फळीचे दुसरे टोकही पाहावे. वाळलेल्या फरला टर्पेंटाइनसारखा वास येत नाही आणि गाभा व बाहेरचे लाकूड रंगाने जवळपास सारखेच, फिकट असते.

डग्लस फर नावानेच फर आहे, वंशाने नाही. त्याचा गाभा तांबूस, वर्षवलयांत फिकट आणि गडद पट्टा एकदम बदलतो, राळेच्या बारीक नळ्याही असतात. लाकूड फरपेक्षा जड आणि मजबूत, म्हणून आम्ही ते पेटीखालच्या रनरसाठी, म्हणजे पेटी ज्यांवर टेकते त्या दांड्यांसाठी, बाजूला काढतो. फरप्रमाणेच हेमलॉकमध्येही नळ्या नसतात. बाजारात दोन्ही ‘हेम-फर’ म्हणून एकत्रच विकली जातात आणि पेटीच्या कामाला ती वेगळी काढायची गरज पडत नाही.

फरमधली नेमकी जात कोणती, हे मात्र फळीवरून कळत नाही. त्यासाठी उभे झाड हवे. फरचे शंकू फांदीवर उभे राहतात आणि झाडावरच खवले खवले होऊन गळतात, स्प्रूसचे लोंबतात आणि अख्खे पडतात. फरची सुईपाने एकेकटी, चपटी. पान ओढले की फांदीवर गोल, सपाट खूण राहते. स्प्रूसच्या फांदीवर खुंट्या राहतात, हाताला खरखरीत लागतात. पुढे जातीनुसार पाहायचे. बाल्सम फरच्या कोवळ्या सालीवर राळेचे फोड येतात. ग्रँड फरची पाने कंगव्यासारखी दोन बाजूंना पसरतात, लांब-आखूड मिसळून. कॉनकलर फरची पाने वरून-खालून सारखीच निळसर. आपल्या हिमालयातल्या पिंड्रो फरची पाने लांब, कधी 8-9 सेंटिमीटर, आणि कोवळी फांदी गुळगुळीत. त्याहून उंचावर वाढणाऱ्या स्पेक्टॅबिलिस फरची पाने आखूड, खाली ठळक पांढरे पट्टे, फांदीच्या खाचांत लव.

पेटी बांधताना हे लक्षात ठेवावे लागते की फर मऊ आहे, खिळा सैल धरतो. 22 मिलिमीटर फळीला आम्ही 65 मिलिमीटरचा, अंगावर गोल वळ्या असलेला खिळा वापरतो, म्हणजे खालच्या लाकडात जवळपास दुप्पट खोली मिळते. फळीच्या टोकापासून 25 मिलिमीटर आत मारायचा. तरी चीर पडत असेल तर खिळ्याचे टोक हातोडीने किंचित बोथट करावे. टोकदार खिळा तंतू फाकवतो, बोथट खिळा ते तोडत जातो.

परदेशी जाणाऱ्या पेट्यांच्या लाकडातून कीड पसरू नये म्हणून उष्णता-प्रक्रियेचा आंतरराष्ट्रीय नियम, आयएसपीएम-15, 2002 साली ठरला. लाकडाच्या गाभ्यात 56 अंश सेल्सिअस, सलग 30 मिनिटे. चूक होते ती मोजणी सुरू करताना. भट्टीची हवा 56 वर गेली म्हणून घड्याळ लावायचे नाही. सगळ्यात जाड लाकडात खोचलेला प्रोब (तापमान मोजणारी सळी) 56 दाखवू लागला की मगच लावायचे, आणि मध्येच तापमान खाली आले तर पुन्हा पहिल्यापासून. ‘एचटी’चा, म्हणजे उष्णता-प्रक्रिया झाल्याचा, शिक्का लाल किंवा केशरी शाईत मारू नये.

शिक्का बसला म्हणजे लाकूड वाळले असे नाही, आणि बेळगावच्या पावसाळ्यात हेच अंगावर येते. ओली पेटी प्लास्टिकमध्ये बंद केली की मशीन केलेल्या कास्टिंगला गंज धरतो, फळ्यांवर निळी बुरशी येते. आम्ही 18 टक्क्यांच्या वर ओल असलेली फळी पेटीला लावत नाही. ओल मोजणारे दोन सुयांचे मीटर बहुतेक वेळा डग्लस फरसाठी जुळवलेले असते. दुसऱ्या लाकडाला मीटरसोबतच्या तक्त्यातून आकडा दुरुस्त करून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी हातातली फळी कशाची आहे हे आधी ठाऊक असावे लागते.