आधी ‘ओबाल्तान’च का?

कोरियन मालिका बघून झालेली मंडळी हमखास विचारतात, ‘जुना कोरियन सिनेमा बघायचाय, सुरुवात कुठून करू?’ मी सांगते, दिग्दर्शक यू ह्यून-मोक यांचा १९६१चा ‘ओबाल्तान’, म्हणजे नेम चुकलेली गोळी. मग पुढचा प्रश्न येतो, ‘पहिलाच सिनेमा इतका जड कशाला?’ तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

कोरियन युद्ध थांबून काही वर्षं झाली आहेत. सोलमधल्या हेबांगचोन या वस्तीत उत्तर कोरियातून आलेले निर्वासित राहतात. चोल-हो तिथलाच, हिशेबनिसाच्या ऑफिसातला कारकून. भ्रमिष्ट झालेली आई अंथरुणातून मधूनच ओरडते, ‘चला, जाऊ या!’ कुठे जायचंय ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि सीमा बंद आहे. बायको गरोदर. बहीण अमेरिकन सैनिकांबरोबर जाऊ लागली आहे. योंग-हो हा भाऊ लढाईत जखमी होऊन परतलाय, हाताला काम नाही. धाकटा शाळा सोडून पेपर विकतो.

आणि चोल-होची दाढ दुखतेय. माझ्या मते अख्खा सिनेमा या दाढेत आहे. तो गालावर हात दाबून ऑफिसात बसतो, तसाच घरी येतो. दाताच्या डॉक्टरकडे मात्र जात नाही, कारण त्या पैशांवर आधी घराचा हक्क आहे. गरिबीचं इतकं अचूक चित्र मी क्वचितच पाहिलंय. उपासमार, हंबरडे दाखवणं सोपं असतं. अंगावर काढलेलं दुखणं दाखवायला दिग्दर्शकाला माणसं जवळून माहीत असावी लागतात.

पुढचं सांगितल्यावाचून माझं म्हणणं पुरं होत नाही. योंग-हो बँक लुटायला जातो आणि पकडला जातो. वहिनी बाळंतपणात अडलीय म्हणून बहीण आपले पैसे चोल-होच्या हातात ठेवते. तो इस्पितळात पोचतो तेव्हा बायको गेलेली असते. आता खिशात पैसे आहेत आणि खर्च उरलेला नाही. तेव्हा कुठे तो दाढ काढायला जातो. एका वेळी दोन काढणार नाही, असं डॉक्टर बजावतो, तर हा दुसऱ्या दवाखान्यात जाऊन दुसरीही काढून घेतो. मग रक्ताळल्या तोंडाने टॅक्सीत बसतो आणि घर, इस्पितळ, पोलीस ठाणं असे पत्ते बदलत राहतो. चोल-होचं काम करणाऱ्या किम जिन-क्यू यांनी हे सगळं फार कमी बोलून केलंय.

मे १९६१मध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि या सिनेमावर बंदी आली. १९६३मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोच्या महोत्सवात दाखवला गेला.

१९६१चाच ‘माबू’ हा सिनेमा हळवा आहे, बर्लिनमध्ये गौरवलेलाही आहे. त्यात घोडागाडीवाल्याचा मुलगा वकिलीची परीक्षा पास होतो आणि घराला चांगले दिवस येतात. मलाही तो फार आवडतो. पण आधी तो पाहिलात, तर ते सुख त्या घराला किती महागात पडलंय ते कळणार नाही. म्हणून तो दुसरा बघा.