अंडीखाऊ नर

डोंबिवलीच्या आमच्या घरात, मागच्या गॅलरीत, मी फायटर माशांची पैदास करतो. कुर्ल्याच्या दोन-तीन दुकानदारांना माल देतो. पिल्लं विकण्याजोगी व्हायला तीन महिने लागतात, म्हणून एक वीण वाया गेली की पुढचं सगळं गणित विस्कटतं. आणि हा निळा नर तर लागोपाठ दोनदा सगळी अंडी खाऊन बसला होता.

पहिल्यांदा मी मनावर घेतलं नाही. कोवळा नर पहिल्या विणीला गोंधळतो. दुसऱ्यांदा मात्र टबाला चारी बाजूंनी वर्तमानपत्र लावलं, गॅलरीत कुणाला फिरकू दिलं नाही, आधीचे दहा दिवस डासांच्या अळ्या खाऊ घातल्या. तरी सकाळी घरटं रिकामं. आई म्हणाली, "पोटची अंडी खातो मेला!" दुकानदाराने तर निकालच दिला, "दादा, अंडीखाऊ निघाला हा. विकून टाका."

मला ते पटेना. कारण बुडबुड्यांचं घरटं तो इतकं मन लावून बांधायचा!

तिसऱ्या वेळी ठरवलं, या खेपेला नुसतं बघायचं. टबात पाच इंच पाणी, हीटर सत्तावीस अंशांवर, थर्माकोलचा अर्धा कप तरंगता आणि एक वाळलेलं बदामाचं पान. आधीच्या दोन्ही विणींची तीच लाल मादी कंदिलाच्या काचेत उभी केली. तिच्या अंगावर उभे पट्टे उमटले, म्हणजे ती विणीला तयार झाली, तेव्हा काच उचलली.

दुपारी त्यांची मिठी सुरू झाली आणि माझ्या लक्षात आलं. मादी नरापेक्षा चांगली बोटाच्या पेराएवढी लांब होती. नराने अंगाची कमान करून तिला पुरतं वेढायला हवं, म्हणजे अंडी बाहेर येताच फळतात. याची कमान तिच्याभोवती पुरतच नव्हती, दर वेळी शेपटीकडे घसरत होती. राजगिऱ्याच्या दाण्यांसारखी अंडी खाली पडत आणि हा बिचारा एकेक तोंडात धरून वर नेऊन बुडबुड्यांत ठेवत होता.

वीण संपल्यावर मादी लगेच काढली, कारण तीही अंडी खाते. मग चमच्याने साठेक अंडी उचलून दुसऱ्या उथळ टबात ठेवली आणि बुरशी लागू नये म्हणून मिथिलीन ब्लूचे दोन थेंब सोडले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भिंग घेऊन बसलो. फळलेल्या अंड्यात एव्हाना काळपट ठिपका दिसायला हवा. साठांत तो फक्त चार अंड्यांत होता! बाकीची मेलेली, पांढरीफटक, कित्येकांवर कापसासारखी बुरशी. तिकडे नराने घरट्यातली बहुतेक अंडी संपवली होती. मेलेल्या अंड्याची बुरशी शेजारच्या जिवंत अंड्यावर चढते, म्हणून नर खराब अंडी खाऊन टाकतो. तो घरटं साफ करत होता आणि आम्ही त्याला खुनी ठरवून मोकळे झालो होतो. जोडी तर मीच लावली होती. मला खूप वाईट वाटलं.

त्याला दोन आठवडे विश्रांती दिली. मग त्याच्याहून किंचित लहान, पिवळसर मादी निवडली. या वेळी एकही अंडं बाहेर काढलं नाही.

दीड दिवसाने पहाटे वर्तमानपत्र जरा बाजूला केलं. घरट्याखाली स्वल्पविरामासारखी शेकडो पिल्लं शेपट्या खाली सोडून लोंबकळत होती. एक निसटलं आणि गिरक्या घेत तळाकडे जाऊ लागलं. निळा नर झेपावला, त्याने ते तोंडात घेतलं. माझा श्वास अडकला. तो सावकाश वर गेला, फुंकरीसारखा एक बुडबुडा सोडला, आणि पिल्लू पुन्हा जागच्या जागी लोंबकळू लागलं.