दिल्ली ते सांबरा: विमानातून सायकल आणताना

पावसात बेळगावहून पिरनवाडी, किणये, जांबोटी करत कणकुंबीपर्यंत जायचं तर स्वतःचीच सायकल हवी, म्हणून गावी येताना ती सोबत घेतली. येताना दिल्ली–बेळगाव विमान (बेळगावचा विमानतळ सांबऱ्याला आहे), परतताना रेल्वे. पुढे कुणी येणार असेल तर उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

देशांतर्गत इकॉनॉमी तिकिटावर बहुतेक कंपन्या 15 किलो चेक-इन सामान देतात. सायकल 11-12 किलो, खोका तीन-चार किलो, म्हणजे कपडे टाकायच्या आधीच मर्यादा संपली. पण खरी अडचण आकाराची. बऱ्याच कंपन्यांत लांबी, रुंदी, उंची मिळून 158 सेंटिमीटरच्या पुढचं सामान मोठ्या मापाचं धरतात. सायकलच्या दुकानात मिळणारा खोका साधारण 140 × 75 × 20, म्हणजे बेरीज 235! वजन बसलं तरी शुल्क लागू शकतं. काही कंपन्या क्रीडासाहित्य म्हणून एकरकमी पैसे घेतात, काही जादा किलोवर. तिकीट काढण्याआधीच हे विचारा, उत्तर ईमेलवर घ्या आणि त्याची छापील प्रत जवळ ठेवा. सामान आधी ऑनलाइन नोंदवलं तर काउंटरपेक्षा स्वस्त पडतं. माझ्या मते तिकिटाची तुलना सायकलचे पैसे धरूनच करावी.

बेंगळुरू किंवा हैदराबादमार्गे येणार असाल तर विमान कोणतं आहे तेही बघा. एटीआरसारख्या छोट्या विमानात मोठा खोका चढेलच असं नाही. दोन टप्प्यांची तिकिटं वेगळी काढली तर शुल्कही दोनदा जातं.

खोक्यात भरताना पुढचं चाक, पेडल, सीट काढा, हँडल फिरवून फ्रेमला बांधा. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवलं की सुटतं. मागचा डिरेलर (साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) काढून कापडात गुंडाळाच, वाकतो तो तोच. चाकांतली हवा कमी करा. पाने-अवजारं खोक्यात, पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या मात्र हातातल्या बॅगेत. ई-सायकलची मोठी बॅटरी प्रवासी विमानात नेता येत नाही.

सांबऱ्याला उतरल्यावर खोका तिथेच उघडा. काही मोडलं असेल तर विमानतळ सोडण्याआधी लेखी नोंद करून घ्या. बाहेर पडल्यावर सिद्ध करणं जड जातं. भरताना काढलेले फोटो इथे कामी येतात. खोका ऑटोत मावत नाही, म्हणून सायकल तिथेच जोडली आणि बागलकोट रोडने बेळगावात आलो.

कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे, तिथे थांबाच. पुढे चोर्ला घाट उतरण्याआधी ब्रेक तपासा, खोक्यातून काढलेल्या सायकलचे ब्रेक हमखास सरकलेले असतात.

परतताना गोवा एक्सप्रेस घेतली. सायकल तिकिटाच्या आधारे पार्सल कार्यालयात नोंदवून सामानाच्या डब्यात जाते, फ्रेमवर नाव आणि स्टेशन लिहिलेलं लेबल घट्ट बांधा. वेळ असेल तर रेल्वेच बरी. गाडीच्या वेळेपेक्षा बरंच आधी कार्यालयात पोचा आणि पावती सायकल हातात पडेपर्यंत सांभाळा.