माणदेशातून बकरं आणलं, त्याचा सगळा हिशेब

आधीच सांगून टाकतो, मटण स्वस्तात पडेल या हिशेबाने कुणी निघणार असेल तर निघू नका, कोपऱ्यावरच्या दुकानातच जा. आम्ही तीन घरांनी मिळून दहिवडीच्या बाजूला धनगराच्या वाड्यावरून (म्हणजे मेंढरांच्या फिरत्या तळावरून) एक नर कोकरू, म्हणजे मेंढीचं पिल्लू घेतलं, तिकडे त्यालाही बकरंच म्हणतात, दसरा उरकल्यावर, आणि ही आमची दुसरी खेप. पहिल्या खेपेला माल एक नंबर होता पण आम्हीच आमच्या हाताने त्याची माती केली, ते पुढे येईलच.

शनिवारी दुपारी पुण्यातून निघालो. दिवे घाट, सासवड, जेजुरी, नीरा, लोणंद, फलटण आणि मग मोगराळे घाट चढून दहिवडी. लोणंदला गुरुवारी शेळ्या-मेंढ्यांचा मोठा बाजार भरतो, मग एवढं पुढे कशाला असं मित्राचं म्हणणं होतं. पण बाजारात दलाल मध्ये असतो, रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो आणि आपण शहरातले आहोत हे चपलेवरूनच कळतं. शिवाय जनावर कुठून आलं, काय खाऊन आलं, याचा काही पत्ता नाही, आणि आम्हाला तर नेमकं तेच बघायचं होतं.

आई म्हणाली दहिवडीपर्यंत जाताय तर मला गोंदवल्याला सोडा, आठ-दहा किलोमीटरच आहे. म्हणजे एकाच गाडीत एकीकडे महाराजांचं दर्शन आणि एकीकडे थर्माकोलचा डबा. आई भक्तनिवासात राहिली आणि येताना डिकीत काय आहे हे मला सांगू नका एवढीच तिची अट. तर ज्यांच्या घरी असं काही आहे त्यांनी वार, चतुर्थी, एकादशी सगळं आधी कॅलेंडरवर बघून घ्या. तीन घरं म्हटल्यावर कुणाचं तरी काहीतरी निघतंच.

मुक्काम मित्राच्या गावच्या घरी. वाड्याची जागा फोनवर नीट विचारली होती, ओढ्याच्या पलीकडे बाभळीपाशी, तिथे गेलो तर नुसत्या लेंड्या आणि विझलेली चूल. वाडा सकाळीच हलला होता, दुसऱ्या एकाने रान बसवायला बोलावलं म्हणून. (मेंढ्या रात्रभर शेतात बसवल्या की लेंडी-मुताचं खत आयतं पडतं, त्याचे धनगराला पैसे किंवा धान्य मिळतं.) फोनला रेंज नाही. शेवटी एका पोराने मोटरसायकलवरून वाट दाखवली, तोवर दिवस मावळत आलेला. तेव्हा वाड्यावर जाणार असाल तर आदल्या दिवशी फोन करून भागत नाही, त्या दिवशी दुपारी परत करा, आणि गावातला एक माणूस बरोबर असू द्या.

पोचलो तेव्हा मेंढरं नुकती आत घेतलेली, भोवती वाघर (जाळीचं कुंपण) लावलेली. धनगरमामांच्या घरच्या मामी एका हाताने चुलीत काटक्या सारत होत्या आणि दुसऱ्या काखेत चार दिवसांचं काळं पिल्लू, ते सारखं त्यांच्या बांगड्या चोखत होतं. मी आपला शहाण्यासारखा विचारतोय, मामा हे ग्रासफेड ना, म्हणजे फक्त गवतावरचं ना? मामा म्हणाले, "आवो पाव्हणं, गवात न्हाय तर काय बिस्किटं चारतोय व्हय?" मग सांगायला लागले. पावसाळ्यात माळावरचं गवत, नंतर बाजरी निघाली की त्याची धसकटं आणि पाला, मटकी-हुलग्याचा भुसा, उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगा. कुसळ पिकलं की ते लोकरीत आणि कातडीत घुसतं म्हणून तो माळ टाळायचा. मका भरडा ते फक्त बकरी ईदसाठी राखलेल्या एडक्यांना चारतात, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. तर हा प्रश्न जरूर विचारा, पण "खुराक कवा दिला" असा विचारा, ग्रासफेड म्हणून नको.

फलटणच्या निंबकर संस्थेने सुंदरबनातल्या गॅरोल मेंढीचा जुळी देणारा गुण दख्खनी मेंढीत आणलाय, त्याबद्दलही विचारलं. तर म्हणे दोन झाली की दोघांना पुरंल एवढं दूध यायला रान पण तसं पायजे.

आता निवड. मी दिसायला मोठं ते धरायला गेलो, मामांनी हात धरून मागे ओढलं आणि दुसऱ्याच्या पाठीवर माझी बोटं ठेवली. पाठीचा कणा बोटाला लागला पाहिजे पण टोचता कामा नये. मग खालची पापणी ओढून दाखवली, आतून लालसर गुलाबी, फिकट पांढरी असेल तर पोटात जंत. नाक वाहत नाही, शेपटीखाली घाण चिकटलेली नाही, लेंडी सुटी. ओठ वर करून दात, आदत होतं, म्हणजे दुधाचे दात अजून पडले नव्हते. दोन दाती (पुढचे दोन पक्के दात आलेलं) झालं तरी चालतं पण मग शिजायला वेळ धरा. आणि महिन्याभरात इंजेक्शन किंवा जंताचं औषध दिलं असेल तर दुसरं निवडा, हे न लाजता विचारा, ते काही लपवत नाहीत. मादी मागू नका, मादी म्हणजे त्यांचं भांडवल.

भाव उक्ता करायचा की वजनावर, हा एक घोळ. मामांना उक्ताच पाहिजे होता, "किलो न् फिलो काय, बकरं बगा की". मागितले ११,०००, ठरले १०,०००. मी फार घासाघीस केली नाही, आणि खरं सांगायचं तर पापणी ओढून दाखवणाऱ्या माणसाशी पाचशे रुपयांवरून वाद घालायला जीभही रेटत नाही. हजार रुपये इसार दिला, कानाशी रंग लावून घेतला. सकाळी उपाशीपोटी काट्यावर टांगलं तर २४ किलो. सकाळचं वजन यासाठी की पोटभर चरून, पाणी पिऊन आलेलं जनावर किलो-दोन किलो जास्तच भरतं.

जिवंत जनावर पुण्यात सोसायटीत आणायचा विचारसुद्धा करू नका, शहराच्या हद्दीत परवाना असलेल्या कत्तलखान्याबाहेर कापायला मनाई आहे. गावातलं काम गावच्या मुलाणीचाचांनी केलं, त्यांना आदल्या रात्रीच सांगून ठेवलं होतं. सहाला सुरुवात, सव्वासातपर्यंत साफसफाई झालेली. ६०० रुपये घेतले, कातडं त्यांनीच नेलं. मुंडी आणि पाय जाळावर भाजून दिले.

आता पहिल्या खेपेला काय केलं ते ऐका. गरम मांस, अजून वाफ निघतेय, ते प्लास्टिकच्या पिशव्यांत गच्च बांधलं आणि थेट बर्फात. पुण्यात उघडलं तर पिशवीत पाणी, मांस चिकट आणि संध्याकाळी पाच शिट्ट्या होऊनही चामडं. गंमत म्हणजे त्याच जनावराचं थोडं तिथेच चुलीवर तासाभरात टाकलं होतं, ते लोण्यासारखं झालेलं. चाचांना विचारलं तर हसायला लागले. कापल्यावर काही तासांनी मांस आखडतं, मग हळूहळू सैल पडतं. आखडायच्या आधीच कढईत गेलं तर उत्तम. पण आखडायच्या आतच एकदम बर्फात गेलं तर असं घट्ट बसतं की मग सोडत नाही. म्हणजे एकतर लगेच शिजवा नाहीतर सबुरीने घ्या.

या वेळी सकाळच्या गारव्यात मोठे तुकडेच ठेवले, दोन परातींत मलमलच्या धुतलेल्या कापडाखाली सावलीत तासभर, माश्या येऊ न देता. त्यानंतर डब्यात, खाली बर्फ, वर जाळी, जाळीवर कापडात मांस, बर्फाचं पाणी मांसाला लागू द्यायचं नाही. गाडीचा एसी फुल्ल, थांबे बंद, फक्त आईला घ्यायला गोंदवले. घरी फ्रिजमध्ये रात्रभर नुसतं झाकून ठेवलं, दुसऱ्या दिवशी शिजवलं, उरलेलं मग फ्रीजरला. वजडी आणि काळीज मात्र त्याच दिवशी संपवा, ती थांबत नाहीत.

वाटे घरी घातले. तीन ढीग, प्रत्येकात रान (मांडी), खांदा, चाप, सीना, गरदन, नळी मोजून. मग गावाकडची पद्धत, मित्राची बायको भिंतीकडे तोंड करून उभी, मी ढिगावर बोट ठेवून "हा कुणाचा?" आणि ती नाव घेणार. मोठी नळी माझ्या वाट्याला आली नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.

हिशेब असा. हाडासकट ११ किलो मटण, म्हणजे वजनाच्या निम्म्यालाही थोडं कमी, एवढंच धरून चाला. मुंडी, पाय, वजडी वेगळं. जनावर आणि चाचांचे मिळून १०,६००, म्हणजे किलोला साधारण ९६० रुपये, आणि अडीच हजारांचं पेट्रोल धरलं तर ११९० च्या आसपास. आखाडात, जत्रांच्या दिवसांत आणि बकरी ईदच्या आधी जाल तर याहून जास्त.

चवीचं म्हणाल तर बोकडाची सवय असलेल्यांना पहिल्या घासाला मेंढीचा वास जाणवतो, तो चरबीत असतो. वरची जाड चरबी काढली, हळद-मीठ-आल्यालसणात अळणी, म्हणजे बिनतिखटाचा रस्सा काढला, मग कांदा-लसूण चटणी, एवढंच. गरम मसाल्याचा मारा केला तर एवढं लांब जाऊन उपयोग काय. आणि ताटात वाढलं की लगेच जेवायला बसा, मेंढीची चरबी लवकर थिजते, भाकरी थापायला उशीर झाला तर टाळूला मेण चिकटल्यासारखं होतं.

दिवाळीनंतर मामांचा वाडा घाट उतरून खाली निघतो आणि पावसाच्या तोंडावर परत येतो, त्यामुळे कुणाला जायचं असेल तर दसरा-दिवाळीच्या मधलेच रविवार. आई अजून विचारते आहे की पुढच्या खेपेला गोंदवल्याला दोन रात्री राहता येईल का.