‘नका’ कुणाला ऐकूच गेलं नाही

संदेश माझ्या मते चोख होता. 52 सेकंद, मागे हलकं संगीत, आवाज कमावलेला. “नागरिकांना नम्र विनंती की जलवाहिनी फुटून पाणी दूषित झाल्याने, पुढील सूचना मिळेपर्यंत, उकळल्याशिवाय नळाचे पाणी पिऊ नका.” टेम्पोवर दोन भोंगे बांधले आणि सकाळी सातला गाडी वस्तीत सोडली. मी ऑफिसातच बसणार होते, पण फोनचा चार्जर गाडीत राहिला म्हणून मागोमाग गेले.

गल्लीच्या तोंडाशी एक आजी नळाखाली कळशी लावून उभ्या.

“आजी, आत्ता गाडी गेली. ऐकलंत ना?”

“ऐकलं की. नळाला पाणी आलंय म्हणाली. म्हणून तर कळशी घेऊन आले.”

खरं सांगते, आधी त्यांचाच राग आला. तेवढ्यात गाडी फिरून परत आली आणि मी आजींच्या शेजारी उभी राहून ऐकलं. “...नम्र विनंती...”, मग संगीताची खरखर, मग “नळाचे पाणी”, आणि गाडी वळली. ‘नका’ भिंतीपलीकडे गेलं.

तिथेच हिशेब मांडला. ताशी 20 किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. त्या गल्लीत भोंग्याचे शब्द धड कळत होते ते गाडी 40 मीटरच्या आत असताना, येताना आणि जाताना धरून 80. एका जागी उभ्या असलेल्या माणसाला मिळतात जेमतेम 14 सेकंद. माझा संदेश 52 सेकंदांचा! त्यात आपल्या भाषेत नकार बसतो वाक्याच्या शेपटीला. कागदावर त्याचं काही बिघडत नाही. चालत्या गाडीवर मात्र नेमकी शेपटीच तुटते.

दवंडीवाला आधी थांबायचा, वाजवायचा, माणसं बाहेर आली की मग बोलायचा. आम्ही भोंगा आणला आणि थांबणंच विसरलो.

ड्रायव्हरकाकांना म्हटलं, कोपऱ्यावर थांबा, इंजिन बंद करा. संगीत काढलं. माईक वस्तीतल्या नर्सबाईंच्या हातात दिला, कारण त्यांचा आवाज तिथे सगळे ओळखतात. “पाणी उकळा. नळाचं पाणी खराब आहे. उकळूनच प्या.” प्रत्येक कोपऱ्यावर तीनदा. ‘नका’ हा शब्दच ठेवला नाही. आजींनी कळशी ओतून दिली, वर मलाच ऐकवलं, “असं सरळ सांगायचं ना मगाशी!”

दार लावून घरात असलेल्यांसाठी रेकॉर्डेड कॉल पाठवले. तिथे वेगळीच फजिती. साध्या फोन कॉलमध्ये आवाजाचा साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच पट्टा जातो आणि ‘स’चा सीत्कार बराचसा त्याच्या वर असतो. टँकर सहाला येणार होता, काहींनी दहा ऐकलं. दुसऱ्या खेपेला “संध्याकाळी सहा, दिवेलागणीच्या आधी” असं घातलं, मग गोंधळ थांबला.

वरिष्ठांचा आग्रह रेडिओचा होता. मी अडून बसले. रेडिओ सगळ्या शहराला ऐकू जातो, पाइप फुटला होता एकाच भागात. उरलेल्यांना उगाच धास्ती. शिवाय ऐन सकाळी रेडिओ लावून बसलंय कोण? मात्र पाइप का फुटला, किती वेळ उकळायचं, तुरटी फिरवली तर चालेल का, या प्रश्नांना पुढच्या आठवड्यात रेडिओच उपयोगी पडला. पुणे आकाशवाणीने 1956 मध्ये युनेस्कोबरोबर 150 गावांत शेतकऱ्यांचे श्रोतागट चालवले होते. कार्यक्रम एकत्र ऐकायचा आणि लगेच त्यावर चर्चा करायची. आम्हीही तसेच छोटे गट बसवले. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत, हे भोंग्यावरून कुणाला पटलं असतं?

गाडी पोचली नाही तिथे व्हॉइस मेसेजने काम केलं. तो मीच घाईघाईत फोनवर बोलून सोडला होता. “आज नळाचं पाणी खराब आहे, उकळूनच प्या.”

पाइप दुरुस्त झाला, पाण्याचे नमुने ठीक आले, आम्ही सगळं गुंडाळलं. तीन आठवड्यांनी रात्री भावजयीचा फोन. “अगं, पुन्हा पाणी खराब झालंय का? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आत्ताच आलंय. आवाज अगदी तुझ्यासारखा वाटतोय. दोन पातेली उकळून ठेवलीत.”

मी तारीख बोलायची विसरले होते.