पिंगमुळे बंद पडणारा डेटाबेस
कोल्हापुरात शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या पेसमेकर क्लस्टरमध्ये (एक सर्व्हर पडला तर दुसऱ्यावर सेवा चालू ठेवणाऱ्या जोडीत), दोन्ही सर्व्हर सुस्थितीत असूनही, बाहेरची इंटरनेट लाइन तुटताच डेटाबेस बंद पडत असे. नेटवर्क चालू आहे का हे तपासणारा पिंग रिसोर्स, दिलेल्या यादीतील उत्तर देणाऱ्या पत्त्यांची संख्या मल्टिप्लायरने (ठरावीक गुणकाने) गुणून, ‘पिंगडी’ या गुणधर्मात नोंदवतो. यादीत एकच बाहेरचा पत्ता असल्यामुळे दोन्ही नोडचे (सर्व्हरचे) मूल्य शून्य झाले आणि शून्य मूल्याच्या नोडवर सेवा नाकारणाऱ्या नियमाने, आपले काम चोख बजावत, तिला कोठेच जागा ठेवली नाही. क्लस्टरची स्थिती दाखवणाऱ्या ‘सीआरएम_मॉन’ या आज्ञेत नोडचे गुणधर्म पाहिले की हे लगेच दिसते, लॉग उपसण्याची हौस नंतर भागवावी. यादीत स्थानिक गेटवे (कारखान्याच्या नेटवर्कचे बाहेर जाण्याचे दार) घातला आणि बंदीऐवजी अधिक मूल्याच्या नोडला पसंती देणारा नियम लिहिला. डॅम्पनचा, म्हणजे बदल नोंदवण्यापूर्वी थांबण्याचा, अवधी मात्र फार कमी ठेवू नये. नाहीतर दोन्हीकडच्या नोंदी जराशा मागेपुढे पोहोचल्या तरी सेवा उगाच हलते.